शनिवारी थांबलेली खेचरं

पप्पांना माणसं नावापेक्षा वेळेवरून जास्त लक्षात राहत. "तो गं, पाच चाळीसवाला," असं ते म्हणाले की आईला कोण ते बरोबर कळायचं. लंडनमध्ये ईलिंगजवळच्या एका बस डेपोत ते शेड्यूल्स क्लार्क होते. कुठली बस कधी सुटेल, कुठला ड्रायव्हर कुठल्या थांब्यावर उतरेल, किती मिनिटांत चहा पिईल आणि कुठल्या बसवर परत चढेल, हे सगळं त्यांच्या टेबलावरच्या लांबलचक कागदावर पेन्सिलीने ठरायचं. मुंबईत त्यांचे वडील रेल्वेत होते, तेव्हा ही खोड घराण्यातलीच. पाहुण्याला "बसा" म्हणायच्या आधी ते "कुठली बस मिळाली?" असं विचारत आणि उत्तर ऐकून बहुतेक वेळा हळहळत, कारण त्याच्या आधीचीही मिळाली असती. आमच्या घरामागून पॅडिंग्टनची रेल्वे लाइन जायची. गाडी गेली की चमच्यांचा ड्रॉवर खुळखुळायचा, आईचा लाटणं धरलेला हात क्षणभर थांबायचा आणि पप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "चार मिनिटं लेट."

मी चौदा वर्षांची होते आणि मला निघायचं होतं. कुठे, ते माहीत नव्हतं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आणि आमच्या लोकांचा पाय तेव्हा एका जागी ठरत नव्हता. मुंबईहून लंडनला आलेले निम्मे नातेवाईक पुढे इस्रायलला गेले होते, दोन घरं कॅनडाला. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाला तरी पोहोचवायला आम्ही विमानतळावर असायचो, आणि जाणारे विमानात नेता येत नाहीत अशा वस्तू आमच्याकडे ठेवून जायचे. आमच्या स्वयंपाकघरात तीन खलबत्ते, चार पोळपाट आणि दोन पुरणयंत्रं होती. माणसं जात होती आणि त्यांची भांडी आमच्याकडे राहत होती. मी शाळेतून आले की दप्तर न काढता खिडकीशी उभी राहायचे. आई म्हणायची, "बसशील का जरा? भोवरा झालाय नुसता." मी बसायचे, आणि माझा पाय टेबलाखाली हलत राहायचा.

शुक्रवार तेवढा वेगळा. सकाळीच आई काळ्या मनुका भिजत घालायची आणि दुपारी त्या कुस्करून, गाळून त्यांचं शरबत करायची. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनच्या विश्रांतीच्या, प्रार्थनेला इतर ज्यूंकडे वाइन असते, आमच्याकडे हे शरबत. हिरव्या मसाल्यातले मासे, नारळाच्या दुधातली आमटी, भात. सूर्य मावळायच्या आत गॅस बंद, दिवे लावलेले, आणि मग शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत पप्पा कुठल्याही वाहनात पाय ठेवत नसत. आठवडाभर लोकांच्या बसेस हाकणारा हा माणूस सातव्या दिवशी स्वतः चालत जायचा. डेपोतल्या साहेबाशी भांडून त्यांनी शनिवारची सुट्टी मिळवली होती, बदल्यात ख्रिसमसची ड्यूटी कायमची अंगावर घेऊन. आई आणि मी इतक्या कडक नव्हतो. म्हणजे, कडक राहायचं की नाही हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या वर्षी आमच्या शाळेतली वीस मुलं अमेरिकेला जाणार होती. न्यूयॉर्क राज्यात, एका जुन्या कालव्याच्या काठी वसलेल्या लहानशा गावातल्या शाळेशी आमच्या शाळेचं जमलेलं होतं. दोन आठवडे तिथल्या घरांत राहायचं, त्यांच्या वर्गात बसायचं. यादी आधीच भरली होती, पण एका मुलाचा पाय मोडला आणि एक जागा रिकामी झाली. ती कुणाला द्यायची यावर आमच्या इतिहासाच्या मिसेस प्रायरनी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. त्यांनी आम्हाला कामाला लावलं. ग्रंथालयात फोटोकॉपींनी भरलेली एक पेटी ठेवली. त्यात दीडशे वर्षांपूर्वीचे अमेरिकेतले नकाशे, बोटींची आणि घोडागाड्यांची वेळापत्रकं, मैलांचे तक्ते. रेल्वे तेव्हा तुकड्या-तुकड्यांनीच होती. एका माणसाला न्यूयॉर्कहून सेंट लुइसला जायचंय, असं त्यांनी सांगितलं. नदी, कालवा, रेल्वे, स्टेजकोच नावाची घोडागाडी, जे मिळेल त्याने. सोमवारी सकाळी निघायचं, आणि प्रत्येक टप्प्याला पेटीतल्या कागदाचा पुरावा हवा. ज्याचा माणूस सगळ्यात आधी पोहोचेल त्याला जागा.

मी ते कागद पिशवीभर घरी आणले आणि पप्पांच्या हाती पडले.

त्यांनी जेवण अर्धवट टाकलं. एकेक वेळापत्रक दिव्याखाली धरून ते असे वाचत होते की आईने दोनदा हाक मारली तरी ऐकू गेलं नाही. "हे बघ," ते मला म्हणाले, "न्यूयॉर्कहून आल्बनीपर्यंत हडसन नदीतून स्टीमबोट. झकास, एका दिवसात. पुढे ईरी कालवा, पण सुरुवातीलाच लॉक्सची, पाणी अडवणाऱ्या दारांची, रांग आहे, तिथे बोट रखडणार. म्हणून आल्बनी ते स्केनेक्टडी रेल्वेने जायचं आणि तिथे बोट धरायची. कनेक्शन! त्या काळी पण लोक असाच विचार करत होते." मग त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि विचारलं, "हा माणूस आहे कोण?"

"कोण म्हणजे? माणूस. प्रवासी."

"नाव नाही? एकटा आहे? सामान किती? सामानाशिवाय कनेक्शन कसं ठरवणार?"

त्याचं नाव मिस्टर बेंजामिन ठरलं. एक ट्रंक, एक छत्री. नाव ठरलं तिथेच माझं नशीब फिरलं, कारण पुढच्याच मिनिटाला पप्पांनी बोट नकाशावर ठेवून विचारलं, "शुक्रवारी संध्याकाळी हा कुठे आहे?"

"रॉचेस्टर. कालव्यावर. का?"

"मग तिथे उतरायचं. शनिवारी मुक्काम."

मला आधी वाटलं थट्टा करतायत. "पप्पा, त्याने उतरायची काय गरज? तो बोटीत नुसता बसून आहे."

"तो बसून आहे, खेचरं बसून आहेत का?" पप्पा म्हणाले. "काठावरून दोराने बोट ओढतायत ती. शनिवारी जनावरांनाही सुट्टी, हे लिहिलेलंच आहे. कोकणात आपले लोक तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाण्याचा बैल सोडून ठेवायचे, म्हणून गावाने आपलं नाव पाडलं शनवार तेली. आता शनवार तेल्याचा माणूस शनिवारी खेचरं राबवणार होय?"

आई भांडी विसळत होती. तिकडूनच म्हणाली, "अहो, ती खेचरं अमेरिकन आहेत. ती तुमच्या डेपोत नाहीत कामाला."

"खेचर ते खेचर."

"आणि मिस्टर बेंजामिन कोकणातले कधी झाले?"

"बेंजामिन म्हटल्यावर काय, आयरिश असेल का?" पप्पा म्हणाले, आणि शनिवारच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: विश्रांती.

ते सारं प्रकरण आता आठवलं की मला हसू येतं. आता लंडनबाहेर मेडनहेडला माझ्या शेजारी पुण्याची अनघा राहते, आयटीत आहे. तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, तुमच्या पप्पांना आमच्या प्रोजेक्टवर घ्यायला हवं होतं." तेव्हा मात्र मला हसू आलं नव्हतं. वाट लांब होती, मधे दोन शनिवार येत होते. म्हणजे दोन दिवस गेले, आणि त्यांच्यापायी चुकलेल्या बोटींचे वेगळे.

पुढच्या रविवारी त्यांनी मला हॅनवेलला नेलं. तिथे ग्रँड युनियन कालवा उतारावरून येतो आणि सहा लॉक्स पाठोपाठ लागतात. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. बोट दोन दारांमध्ये कोंडायची, पाणी सोडायचं, बोट खाली बसते, मग पुढचं दार उघडायचं. पप्पांच्या गळ्यात घड्याळ, हातात वही. "वेळापत्रकात ताशी चार मैल म्हटलंय. वेळापत्रकावर विश्वास ठेवायचा नसतो, मी स्वतः करतो ती." मग आम्ही खेचरांच्या वाटेवरून, तिला इथे टोपाथ म्हणतात, ताशी चार मैलांनी चालून पाहिलं. मी पुढे, पप्पा मागून, दर पंधरा मिनिटांनी ओरडत, "हळू! खेचर आहेस तू, घोडा नाहीस!" एका बोटीवरची बाई लॉकचं दार पाठीने रेटत होती. पप्पा तिच्यापाशी जाऊन अदबीने उभे राहिले आणि त्यांनी तिला विचारलं, हे दार एकट्याने उघडायला किती मिनिटं लागतात, पाऊस असेल तर किती, आणि समोरून बोट आली तर आधी कोण जातं. बाई म्हणाली, जो आधी पोहोचेल तो, आणि चांगला माणूस असेल तर दुसरा. पप्पांनी तेही लिहून घेतलं. मला चालत सुटावंसं वाटत होतं. समोर कालवा साउथॉलकडे वळत होता, पाणी संथ, बदकं संथ, बोट संथ, आणि माझ्या पिंढऱ्यांत मुंग्या येत होत्या. त्या दिवशी मी ठरवलं.

ठरवलं म्हणजे काय केलं, तर पप्पांची योजना कोऱ्या कागदावर उतरवून घेतली आणि शनिवार गाळले. रॉचेस्टरचा मुक्काम पुसला, पुढच्या तारखा एकेक दिवस अलीकडे सरकवल्या, बफेलोहून क्लीव्हलंडची सरोवरातली स्टीमर आधीची धरली, क्लीव्हलंडहून स्टेजकोच, मग ओहायो नदी, मग मिसिसिपी. सगळं सुटसुटीत. पप्पांना दाखवायची प्रत दप्तराच्या एका कप्प्यात, मिसेस प्रायरना द्यायचे कागद दुसऱ्यात. मी आयुष्यभर याद्या करत आले. ऑफिसात माझ्या यादीशिवाय कुणी हलत नाही. पण त्या कागदांसारखी नीटनेटकी यादी मी पुन्हा केली नसेल, आणि ती करताना इतकी घाईही मला पुन्हा झाली नाही.

योजनांचं वाचन गुरुवारी दुपारी होतं. पालकांना बोलावलेलं. मी पप्पांना सांगितलं नव्हतं, पण शाळेने पत्र पाठवलं होतं. चार वाजायला दोन मिनिटं असताना ते डेपोच्या ब्लेझरमध्ये दारात दिसले आणि मागच्या रांगेतल्या खुर्चीवर बसले. माझ्या शेजारी माझी मैत्रीण केरन होती, तिचं नाव आधीच्या यादीत होतं. ती कानात म्हणाली, "तुझे डॅड आलेत. वही घेऊन."

माझ्या आधी दोघांचं झालं. माझी पाळी आली. मी वाचत गेले, सोमवार, मंगळवार, बुधवार. शुक्रवार आला तेव्हा माझा आवाज थोडा वर गेला. "शुक्रवार रात्र आणि शनिवार, मिस्टर बेंजामिन रॉचेस्टरहून पुढे बोटीतच." मी कागदावरून नजर उचलली नाही. मी सेंट लुइसपर्यंत पोहोचले. माझा माणूस बाकीच्या दोघांच्या अर्धा दिवस आधी पोहोचत होता.

मिसेस प्रायर चष्म्यावरून कागद पाहत होत्या. "रूबी, रविवारी सकाळी तुझे मिस्टर बेंजामिन कुठे आहेत?"

"बोटीत, मिस. लॉकपोर्टच्या पुढे."

"कुठल्या बोटीत?"

मी कंपनीचं नाव सांगितलं. त्यांनी पेटीतली त्या कंपनीची जाहिरात काढून माझ्यासमोर धरली. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. त्या मालकांनी आपल्या बोटी रविवारी चालवायच्या नाहीत असं देवाला स्मरून ठरवलं होतं. शनिवारी मध्यरात्री बोट असेल तिथे बांधायची, सोमवारी सोडायची. ती ओळ मी वाचली नव्हती. पप्पांच्या योजनेत ती बोट रॉचेस्टरलाच सोडलेली होती, रविवारी तिची गरजच नव्हती. मी तारखा सरकवल्या आणि माझा माणूस अंधारात लॉकपोर्टच्या धक्क्याला बांधून पडला.

"तर मग रविवारी तो काय करतो?" मिसेस प्रायरनी विचारलं. त्या दुष्ट नव्हत्या, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. वीस-पंचवीस माणसं बघत होती. मला अमेरिका दिसत होती, म्हणजे ती माझ्या हातून निसटताना दिसत होती, आणि मी पहिल्यांदाच मागच्या रांगेकडे पाहिलं.

पप्पांनी वही उघडली नाही. ते उभे राहिले, ब्लेझरचं बटण लावलं आणि त्यांच्या डेपोच्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "मेल कोच, मॅडम. टपालाची घोडागाडी. रॉचेस्टरहून बफेलोला जाते, लॉकपोर्टवरून. टपाल रविवारीही चालतं. कागद पेटीत आहे, डावीकडच्या गठ्ठ्यात, वरून सातवा की आठवा."

तो आठवा निघाला. कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मिसेस प्रायर मला म्हणाल्या, "तुला हे मान्य आहे?" मी मान हलवली. माझा माणूस बफेलोला वेळेत पोहोचला, पुढची स्टीमर त्याला मिळाली, आणि जागा मला मिळाली.

घरी जाताना आम्ही डबलडेकरच्या वर बसलो, अगदी पुढे. पप्पा प्रत्येक थांब्याला घड्याळ बघत होते. मी मनात उत्तरं तयार करत होते. इतिहासात सगळेच शनिवारी प्रवास करायचे, हे एक. स्पर्धा माझी होती, हे दुसरं.

"विमान कधी आहे तुमचं?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी." आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. "सकाळी सात वाजता शाळेच्या गेटवरून कोच, विमानतळाची बस."

ते रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन कागद केलेस तू."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"तू विचारलंस?" ते माझ्याकडे वळले. रागाचा चेहरा मला सोसला असता. "बेंजामिनला मी उतरवला, कारण तो माझा होता. तुला मी कधी म्हटलं, तू उतर? मला सांगितलं असतंस तर शनिवारचाही प्लॅन मीच करून दिला असता. ती रविवारची ओळ मी चुकू दिली नसती." एवढं बोलून ते उठले. आमचा थांबा अजून दोन थांबे पुढे होता. ते जिन्यापाशी जाऊन दांडा धरून उभे राहिले.

संमतीचा फॉर्म मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. सहीची जागा रिकामी. सोमवारी शाळेत द्यायचा होता. गुरुवारी रात्री तो तिथेच होता, शुक्रवारी त्यावर कुणीतरी मिठाची बरणी ठेवली, शब्बाथला तो उचलून आईने कपाटावर ठेवला कारण त्या दिवशी सही करायची नसते. मी घरात फेऱ्या मारत होते. आई मला म्हणाली, "सगळं ऐकलंय मी. आपला शनिवार गाळायला गेलीस आणि त्यांचा रविवार आडवा आला." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "त्यांना काय लागलंय, कळतंय का तुला? शनिवार नाही. डेपोतली दोनशे माणसं त्यांना विचारून घराबाहेर पडतात, आणि पोरगी न विचारता गेली."

"मी गेले कुठे? जाऊ देतायत कुठे?"

"जाशील गं. पण जाऊन बोल त्यांच्याशी."

मी गेले नाही. हे लिहिताना मला कारण सापडत नाही. बैठकीच्या खोलीचं दार सहा पावलांवर होतं, आत पप्पा एकटे होते, आणि मी सबंध शनिवार त्या दारासमोरून जा-ये करत काढला. रविवारी सकाळी खाली आले तर फॉर्मवर सही होती. शेजारी एक कागद, त्यावर पेन्सिलीने रकाने. वर त्यांनी माझं नाव लिहिलं होतं, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या अक्षरात माझं वेळापत्रक दिसलं. गुरुवार: मलिदा. शुक्रवार दुपारी तीन: बॅग मिसेस प्रायरच्या घरी, बसने. शनिवार पहाटे: पायी निघणे, हात मोकळे. त्यांनी कुणाला न सांगता मिसेस प्रायरना फोन केला होता. शब्बाथला ओझं उचलायचं नाही, म्हणून माझी बॅग आदल्या दिवशी सूर्यास्ताच्या आत पुढे जाणार होती, आणि त्या ती कोचमध्ये चढवणार होत्या.

मलिदा आमच्याकडे नवसाला, लग्नाला आणि लांबच्या प्रवासाला करतात. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. आईने ओल्या नारळासाठी साउथॉलची तीन दुकानं पालथी घातली. गुरुवारी संध्याकाळी परातीभोवती आम्ही तिघं उभे राहिलो. एरवी या वेळी घरात पंधरा माणसं असायची, त्यांचे खलबत्ते कपाटात होते. पप्पांनी एलियाहू हन्नाबीच्या, आमच्या प्रेषिताच्या, नावाने प्रार्थना म्हटली, ठरलेल्या चालीत, ठरलेल्या जागी थांबत. मग मूठभर मलिदा माझ्या हातावर ठेवला. मी "पप्पा" एवढंच म्हणाले. "खा," ते म्हणाले. "गोड आहे का बघ. तुझी आई साखरेत हात आखडता घेते."

"ऐकतेय मी," आई म्हणाली.

शनिवारी पहाटे आई दारातून परतली, आम्ही दोघं निघालो. शाळा दोन मैलांवर. पप्पांनी शब्बाथचा काळा कोट घातला होता, हात पाठीशी. माझे हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं ते मला कळत नव्हतं. पहिली बस आमच्या बाजूने गेली, ड्रायव्हरने पप्पांना ओळखून हॉर्न दिला. वाटेत ते एकेक सूचना देत होते. तिथे थंडी असेल, मोजे दोन घाल. तिथल्या घरी आपल्या धर्मात न चालणारं मटण पुढे आलं तर काय म्हणायचं माहीत आहे ना. माहीत आहे, मी म्हणाले. आणि एक गोष्ट, ते म्हणाले, तिथला कालवा बघशील तेव्हा मला सांग, खेचरांची वाट कुठल्या काठाला आहे. नकाशात कळत नाही.

"पप्पा, मी विचारायला हवं होतं," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. थोडं चालून पुन्हा म्हणाले, "हो."

गेटवर मोटारी उभ्या होत्या, आया रडत होत्या, बाप बॅगा चढवत होते. मिसेस प्रायरच्या नवऱ्याने पप्पांना विचारलं, घरी सोडू का. पप्पांनी आभार मानून नको म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद म्हटला, सगळ्यांसमोर, मोठ्याने, आणि मला लाज वाटली नाही याचं मलाच नवल वाटलं. मग ते वळले आणि कोच सुटायची वाट न बघता चालू लागले.

मी आणि केरन शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो. कोच निघाला. पहिल्याच मोठ्या चौकात दिवा लाल होता आणि फुटपाथवर, आमच्याच बाजूला, पप्पा रस्ता ओलांडायला थांबले होते. त्यांनी कोच ओळखला. ते फुटपाथच्या कडेशी आले आणि पुढच्या खिडकीपासून सुरुवात करून एकेक खिडकी बघू लागले. डेपोत ड्रायव्हरांची यादी तपासावी तसे, घाई न करता, एकही चेहरा न गाळता. केरन काचेवर हात आपटत होती, "हिअर, हिअर!" मीही उठून काच बडवत होते, पण आतल्या गोंगाटात ते आम्हालाच ऐकू येत नव्हतं. ते दुसऱ्या खिडकीवर आले, तिसऱ्या. चौथ्या खिडकीशी त्यांनी मान किंचित पुढे केली, आणि दिवा हिरवा झाला.